घाबरटची यादी

कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आतल्या बाजूला एक छोटी खोली होती. भिंतींना जाड फोम, दाराला रबराची पट्टी आणि मधोमध एक खुर्ची. दार लावलं की बाहेरचं काही म्हणता काही आत येत नसे. त्या खोलीच्या काचेबाहेर, यंत्रासमोर बसून, लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. पेशंट तिला ताई म्हणायचे. घरी वहिनी तिला वन्सं म्हणायची. आणि भुताखेतांचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या हजारेक लोकांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, तिथे तिचं नाव होतं ‘घाबरट’.

हे नाव तिने स्वतःच घेतलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पाल दिसली की ती खुर्चीवर चढायची. गेम खेळताना तर तिचा कारभार बघण्यासारखा असायचा. पाय वर घेतलेले, उशी पोटाशी, आणि पडद्यावर दार उघडायची वेळ आली की एक डोळा मिटलेला. रात्री ती चुकूनही खेळत नसे, कारण मग झोपेचं खोबरं. तिची वेळ रविवारची दुपार, नाहीतर दवाखान्यातून आल्यावर दिवे लागेपर्यंतचा तासभर.

हा नाद तिला भावामुळे लागला. भाऊ जहाजावर नोकरीला होता, वर्षातून दोन महिने घरी. एका सुट्टीत तो गेम खेळायचं यंत्र घेऊन आला, फुटबॉल खेळायला. त्याच्याबरोबर कुणा सहकाऱ्याने दिलेली एक भुताची डिस्क होती. भाऊ परत गेला, यंत्र टीव्हीखाली राहिलं. एका दुपारी हिने सहज ती डिस्क लावली आणि अकराव्या मिनिटाला किंचाळून सगळं बंद केलं. वहिनी शिवणाच्या खोलीतून धावत आली तर ही सोफ्यावर बसून हसत होती.

“काय झालं हो?”

“काही नाही गं. घाबरले.”

“मग हसताय कशाला?”

याचं उत्तर तिने पुढे ग्रुपवर एकदा लिहिलं. दवाखान्यातल्या काळजीला बटण नसतं. एखाद्या चार वर्षांच्या मुलीच्या आईला तपासणीचा कागद दाखवला की त्या आईचा चेहरा घरापर्यंत सोबत येतो. ही भीती मात्र बटण दाबलं की जाते. आपल्याला हे परवडतं, असं तिने लिहिलं होतं.

ग्रुपवर तिचा दबदबा होता तो खेळण्यामुळे नाही. खेळात ती यथातथाच होती. लोक तिला विचारायला यायचे, ‘आता काय खेळू?’ आणि तिचं उत्तर सहसा चुकत नसे. बाकीचे लोक आपल्याला आवडलेला गेम समोरच्याच्या गळ्यात मारायचे. ही आधी प्रश्न विचारायची. अंधाराची भीती जास्त वाटते की उजेडाची? कोणी पाठलाग केलेला सहन होतो का? घरात कोणी असताना खेळता की एकटे?

एक जण आला होता, ‘कडीकोयंडा’ नावाचा. त्याने लिहिलं, “मला कशाचीच भीती वाटत नाही. सगळ्यात भयंकर गेम सांगा.”

तिने विचारलं, “तुम्ही लिफ्टने जाता की जिन्याने?”

“जिन्याने. व्यायाम होतो.”

“कितव्या मजल्यावर राहता?”

“नवव्या.”

तिने त्याला लिफ्टचा गेम सांगितला. त्यात एका जुन्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये आपण एकटे असतो, आणि वजनाचा काटा दोन माणसांचं वजन दाखवतो. कडीकोयंडा वीस मिनिटांनी परत आला. त्याने गेम काढून टाकला होता आणि तिचे आभार मानले होते.

गेमची खरी नावं लांबलचक असायची, म्हणून ती आपली नावं ठेवायची. लिफ्टवाला, ओली फरशी, मागची बाई. हळूहळू सगळा ग्रुप तीच नावं वापरू लागला. रुग्णालयाच्या इमारतीत घडणारे गेम ती नर्सेसना कधी सांगत नसे. त्यांना ती जंगलात पाठवायची. नुकतंच घरात कोणी गेलेल्या माणसाला ती सरळ सांगायची, “सध्या काही खेळू नका. दोन महिन्यांनी या.”

भीती कुठून येते हे तिला कामामुळेच कळत असावं. फोमच्या खोलीत बसलेल्या माणसाला ती सांगायची, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. मग ती आवाज कमी कमी करत न्यायची. शेवटी ती काहीच सोडत नसे, नुसती थांबायची. आणि कितीतरी लोक त्या शांततेतच बटण दाबायचे. ऐकू आलं म्हणून शपथेवर सांगायचे. गेम बनवणारेही हेच करतात, असं तिचं म्हणणं होतं. खेळणाऱ्याला थांबवून ठेवायचं, बाकीचं काम त्याचे कान करतात.

म्हणून तिच्या जवळजवळ प्रत्येक शिफारशीच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची: चांगले हेडफोन लावा.

एका मंगळवारी दुपारी, डबा खाताना, तिने ग्रुपवर नवा निरोप पाहिला. लिहिणाऱ्याचं नाव ‘तळघर’. तो जुना मेंबर होता, पण तीनेक वर्षं गायब होता.

“माझं ऐकणं बरंच गेलं आहे,” त्याने लिहिलं होतं. “पूर्वी भरपूर खेळायचो. आता कुठलाच गेम लागत नाही. माणूस मागून आला तरी कळत नाही, एकदम मरतो आणि पुन्हा सुरुवात. घाबरायला वेळच मिळत नाही. मला चालेल असा एखादा सांगाल का?”

खाली दोघा-तिघांनी फालतू विनोद केले होते. ते पाहून तिचं डोकं फिरलं. हा तर तिच्या रोजच्या कामाचा विषय. डबा बाजूला सारून तिने भलंमोठं उत्तर लिहिलं. वेळेवर तपासणी करून घ्या, लाजू नका, हल्ली कानाची मशीन किती चांगली आली आहेत, लोक उगाच वर्षानुवर्षं अंगावर काढतात. शेवटी दोन ओळी गेमबद्दल: सबटायटल लावा, आवाजांचंही लिहून येतं.

तासाभराने उत्तर आलं.

“मशीन आहे. दोन्ही कानांना. चार वर्षं झाली. तपासणी वर्षातून दोनदा करतो. आणि सबटायटलचं म्हणाल तर भूत यायच्या आधी खाली लिहून येतं, ‘मागून पावलांचा आवाज’. म्हणजे मला आधी पत्र पाठवून मग भूत येतं. मी इथे डॉक्टर विचारला नव्हता ताई. गेम विचारला होता.”

तिचे कान लाल झाले. ग्रुपवर ती बाई आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिचा व्यवसाय कोणालाच माहीत नव्हता, आणि आता तो सांगायची तर सोयच उरली नव्हती. तिने लिहिलं, “चुकलं माझं. मला थोडा वेळ द्या.” त्यावर एक अंगठा आला, बस.

दुपारी पहिला पेशंट होता छापखान्यात आयुष्य काढलेला एक म्हातारा. त्याला मशीन बसवून सहा महिने झाले होते. नेहमीप्रमाणे तिने विचारलं, “काय आजोबा, ऐकू येतंय ना आता?”

“येतंय, येतंय,” आजोबा म्हणाले आणि उठायला लागले. सगळे असेच म्हणायचे आणि उठायचे. वहीत ती ‘समाधानकारक’ लिहायची आणि पुढच्याला हाक मारायची.

त्या दिवशी तिने त्यांना बसायला लावलं. “बसा जरा. कसं ऐकू येतं ते सांगा ना.”

आजोबा गोंधळले. असं कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणाले, “ऐकू येतं हो. पण कुठून येतं ते कळत नाही. नात हाक मारते तर मी चारी दिशांना बघतो. ती हसते. आवाज सगळा कसा कपाळाच्या मध्यावर येऊन पडतो.”

“मग हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही घाईत होता,” आजोबा अगदी सहज म्हणाले.

तिने डॉक्टरांना सांगून आजोबांची मशीन पुन्हा जुळवून घेतली. थोडा फरक पडला, फार नाही. पण त्या आठवड्यात तिने प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला आणि उत्तरं लिहून ठेवली. भांड्यांचा आवाज टोचतो. चार माणसं बोलली की सगळा लगदा होतो. पंखा चालू असला की माणूस बंद. एकोणीस वर्षं ती आवाजाच्या या बाजूला बसली होती, आणि मशीन लावून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं. याची तिला लाज वाटली. ती तिने कोणाला बोलून दाखवली नाही. फक्त तिच्याकडे एका पेशंटला लागणारा वेळ वाढला आणि बाहेरच्या बाकावरची माणसं कुरकुरू लागली.

रविवारी दुपारी तिने पडदे ओढले, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, वर कानात बोळे घातले आणि मागची बाई लावला. तिच्या यादीतला हा पहिल्या नंबरचा गेम. एका घरात आपण राहतो आणि आपल्यामागे एक बाई चालते, पण वळून पाहिलं की नसते. आवाज बंद केल्यावर ती बाईच संपली. उरलं नुसतं रिकामं घर, आणि दर पाच मिनिटांनी अचानक मरण. हिला भीती वाटली नाही, कंटाळा आला. ओली फरशीचं तेच. लिफ्टवालाही फुसका निघाला, कारण काट्याकडे बघायची आठवण लिफ्टच्या कुरकुरीने व्हायची. पाच रविवार आणि मधल्या संध्याकाळी मिळून तिने चौदा गेम असे खेळून पाहिले. त्यांतले अकरा बाद झाले. ज्या गेमसाठी तिने वर्षानुवर्षं लोकांना हेडफोन लावायला लावले, ते सगळे यात.

तिसऱ्या रविवारी वहिनी मटार सोलायची परात घेऊन बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसली. हे नवल होतं. इतकी वर्षं गेम लागला की वहिनी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

“तू इथे कशी?” हिने कानातले बोळे काढत विचारलं.

“आज आरडाओरडा नाही ना. मला त्या आवाजांचाच त्रास व्हायचा. चित्राला काय घाबरायचं?” वहिनी म्हणाली आणि शेंगा सोलत पडद्याकडे बघू लागली.

वहिनी रफूचं काम करायची. फाटलेला, कसरीने खाल्लेला महागाचा कपडा तिच्याकडे यायचा आणि भोक कुठे होतं हे मालकालाही सापडू नये असा परत जायचा. धाग्याची वीण एका घराने चुकली तरी तिला दुरून दिसायची. तर झालं असं, की त्या दिवशीच्या गेममध्ये आपण चालवतो ती बाई बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली, परत आली, आणि वहिनी म्हणाली, “खुर्ची हलली.”

“कुठली?”

“ती कोपऱ्यातली. मघाशी भिंतीकडे तोंड होतं.”

हिने मागे जाऊन पाहिलं. खरंच हलली होती. हा गेम तिने दोनदा पूर्ण केला होता आणि तिला ते कधी दिसलं नव्हतं, कारण नेमकं त्याच वेळी दुसरीकडे दार आपटायचं आणि ती तिकडे वळायची.

“आणि त्या तसबिरीत मघाशी चार माणसं होती,” वहिनी म्हणाली.

“आता?”

“पाच.” मग एकदम परात खाली ठेवून वहिनीने हिचा दंड धरला. “वन्सं, तो पाचवा आपल्याकडे बघतोय हो. बंद करा. नाही, थांबा. आत जा. बघू तर.”

त्या दिवसापासून दोघींचं काम सुरू झालं. आता दुकानातून आणि इंटरनेटवरून त्या मुद्दाम असे गेम शोधू लागल्या ज्यांत बघण्यासारखं काही असेल. कंट्रोलर हिच्या हातात, डोळे वहिनीचे. वहिनी त्याला रिमोट म्हणायची. काही गेममध्ये धोका जवळ आला की तो हातात थरथरायचा. वहिनीने एकदा धरून पाहिला आणि फेकलाच. “ई! जिवंत आहे मेला!” हिने लगेच वहीत लिहिलं: थरथर चांगली, तळहाताला भीती कळते.

त्यांचा सगळ्यात आवडता गेम अगदी साधा होता. एक माणूस भाड्याच्या घरात राहायला येतो. घरमालकाने सामानाची यादी दिलेली असते आणि रोज सकाळी ती तपासायची. सहा चमचे, दोन खिडक्या, एक आरसा. तिसऱ्या दिवशी सात चमचे. पाचव्या दिवशी तीन खिडक्या, आणि तिसऱ्या खिडकीतून आपलीच खोली दिसते. आवाजाचं काही काम नव्हतं. सगळा खेळ भरदिवसा, लख्ख उन्हात. त्याचं नाव वहिनीने ठेवलं, ‘सातवा चमचा’.

सव्वा महिन्यानंतर हिने ग्रुपवर यादी टाकली. शीर्षक दिलं, ‘आवाज बंद करून भ्यायचे गेम’. पाच नावं होती. प्रत्येकासमोर भीती कशाने वाटते ते लिहिलं होतं, सावलीने, थरथरीने की जागेच्या बदलाने. आणि कुठे अडायला होईल तेही. वर तिने तळघरला उद्देशून दोन ओळी लिहिल्या: “उशीर झाला. हे सगळे मी आवाज बंद करून खेळले आहेत. मागच्या वेळी मी न विचारता शहाणपणा केला. मी कानांची तपासणी करते, त्याची खोड आहे.”

तळघरचं उत्तर तीन दिवस आलं नाही. ती दवाखान्यात दर पेशंटनंतर फोन बघायची. वहिनी घरी विचारायची, “आला का तुमचा तळघर?” जसं काही पाहुणा यायचाय.

चौथ्या दिवशी आलं. “सातवा चमचा खेळलो. काल स्वयंपाकघरात जाऊन चमचे मोजले. माझ्या स्वतःच्या. बायको विचारतेय काय शोधतोस. तीन वर्षांत पहिल्यांदा घाबरलो. मनापासून आभार.”

हिने दवाखान्यातूनच वहिनीला फोन लावला आणि वाचून दाखवलं. पलीकडून वहिनी म्हणाली, “चमचे मोजले? बघा! मी म्हटलं होतं.” आणि लगेच, “किती निघाले ते विचारा.”

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. त्याच संध्याकाळी दुसरा निरोप आला, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या एका बाईचा. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करायची आणि ग्रुपवर सहा वर्षं नुसती वाचत होती. तिने लिहिलं, “यादीतला तिसरा गेम काढा. दुसऱ्या भागात फोन वाजतो आणि कुलपाचा आकडा फोनवरचा माणूस सांगतो. तो कुठेही लिहून येत नाही. तुम्हाला आधी माहीत होता म्हणून तुम्ही पुढे गेलात.”

हे खरं होतं. हिने तो गेम पूर्वी आवाजासकट खेळलेला होता आणि आकडा तिच्या डोक्यात होता. तिने नाव काढलं, आणि का काढलं तेही लिहिलं. मग त्या बाईला विचारलं, “पुढची यादी टाकायच्या आधी तुम्ही तपासून द्याल का?” बाईने लिहिलं, “देईन. पण मी स्पष्ट बोलते.” ती खरोखरच स्पष्ट बोलायची. पहिल्या खेपेला हिने पाठवलेल्या सहा नावांपैकी तिने चार खोडली.

दीड वर्षात यादी तेवीस गेमांची झाली. कोणाकोणाच्या ओळखीने इतर ग्रुपांतही गेली. आता नियम ठरला आहे: ज्याने तो गेम आधी आवाजासकट खेळलाय, त्याचं मत धरायचं नाही. त्यामुळे घाबरटला बऱ्याच गेमांवर मत देता येत नाही, आणि ती ते मुकाट्याने मानते. वहिनीने मात्र स्वतःचं खातं उघडलं आहे, ‘रफू’ नावाने. तिची मतं एका ओळीची असतात. “पडद्यामागे पाय आहेत, पण पायांना सावली नाही, म्हणून खोटं वाटतं. नापास.”

भाऊ मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याला फुटबॉल खेळायला टीव्ही मिळेना. बायको आणि बहीण दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या, घरात चिडीचूप, पडद्यावर एक रिकामा जिना. त्याने दहा मिनिटं उभ्याउभ्या पाहिलं आणि म्हणाला, “यात काहीच होत नाहीये.”

“कठड्याची एक पट्टी कमी झाली,” त्याची बायको म्हणाली. “गप्प बस.”

दवाखान्यात डॉक्टरांनी आता मशीनवाल्या पेशंटांसाठी गुरुवार वेगळा ठेवला आहे, कारण ताईला प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचं असतं. तळघर ग्रुपवर नियमित असतो. नवीन आलेल्यांना आता तोच घाबरटसारखे आधी प्रश्न विचारतो, आणि सध्या त्याचं आणि रफूचं एका गेमवरून भांडण चालू आहे. त्याच्या मते तो भयंकर आहे. वहिनीच्या मते त्यातल्या भुताचा सदरा उलटा शिवला आहे आणि अशा भुताला ती घाबरणार नाही.